कापसाचं जावळ

लातूरच्या औसा रोडकडच्या त्या गल्लीत शिवकन्येचं घर अगदी कोपऱ्यावर होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर तिच्या गेटातून आत जायचीच, आणि जावी असंच तिला वाटायचं. नवा पडदा लावला की ती खिडकी उघडी ठेवायची. लेक शिवांगी नांदेडला विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागली तेव्हा पेढे वाटताना ती इतकी हळू चालली, की गल्ली संपेपर्यंत संध्याकाळ झाली. बाई वाईट नव्हती. पण चार लोक काय म्हणतील याचा विचार ती सकाळी उठल्यापासून करायची, आणि त्यापुढं तिला दुसरं काही दिसायचं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शिवांगी घरी आली ती मांडीवर टोपली घेऊन. टोपलीत पॉमेरियनचं पांढरंशुभ्र पिल्लू होतं. होस्टेलवरची तिची रूममेट लुंबिनी मुदखेडची. तिच्या घरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक तिनं मैत्रिणीला दिलं होतं. होस्टेलवर कुत्रं ठेवू देत नाहीत, म्हणून ते लातूरला आलं. नाव कापूस. दुसरं काही ठेवण्यासारखं दिसतच नव्हतं ते. नुसती लव, आणि त्या लवेत तीन काळे ठिपके, दोन डोळे नि एक नाक.

शिवकन्येनं आधी नाक मुरडलं. पण दुसऱ्याच दिवशी गेटाशी पाच-सात जण जमले आणि तिचा नूर पालटला. समोरच्या कुसुमताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, गल्लीत कशाचंही कौतुक न करणाऱ्या, त्या सुद्धा म्हणाल्या, "काय गोड आहे हो. कुठून आणलं?"

"नांदेडचे एक डॉक्टर हायेत ओळखीचे," शिवकन्या म्हणाली. "त्यांच्याकडचं हाय. लई महागातली जात."

असे कोणी डॉक्टर नव्हते. पण लुंबिनी हे नाव ऐकल्यावर गल्लीतल्या बायकांना पुढचं काही सांगावं लागलं नसतं, कोणाच्या घरचं ते आपोआप कळलं असतं, आणि शिवकन्येला ते कळू द्यायचं नव्हतं. शिवांगी आत आंघोळीला गेली होती. तिला यातलं काही ऐकू आलं नाही.

सुट्टी संपून जाताना शिवांगीनं आईला सगळं बजावून सांगितलं. "मम्मी, नीट ऐक. चार-पाच महिन्यांचा झाला की याची ही लव झडणार. आधी तोंडावरची, मग पायांची. लई बेकार दिसल, माकडासारखा. घाबरू नको. त्याच वक्ताला खालून मऊ दाट केस यायला लागतात आणि वरून लांब, राठ. दोन थर असतात यांना. पूर्ण भरायला वर्ष लागतं, कधी दोन वर्षं. आपण फक्त विंचरायचं. मशीन मात्र लावायची न्हाई. लुंबिनीनं दहादा सांगितलंय. मशीन लावली तर कधी कधी केस परत येतच न्हाईत."

"हाव, हाव," शिवकन्या म्हणाली. तेव्हा ती शेजारणीनं दिलेल्या चिवड्याचा डबा रिकामा करत होती.

संक्रांतीपर्यंत सगळं झकास चाललं. सकाळी कापसाला घेऊन ती गेटाशी उभी राहायची आणि दूधवाल्यापासून क्लासला जाणाऱ्या पोरींपर्यंत सगळे थांबायचे. मग फेब्रुवारीत एक दिवस तिच्या लक्षात आलं, की पिल्लाचं तोंड उंदरासारखं निमुळतं दिसतंय. आठवडाभरात पाय काटक्यांसारखे झाले. शेपटीचा झुपका गेला. पाठीवर मधोमध राठ केसांची एक पट्टी उगवली आणि दोन्ही अंगांना विरळ, मळकट लव लोंबायला लागली. सोफ्यावर, भाकरीच्या टोपल्यात, नवऱ्याच्या ऑफिसच्या पँटीला, जिथं बघावं तिथं पांढरे केस.

शिवांगीनं सांगितलं होतं तसंच, तंतोतंत तसंच होत होतं. पण सांगितलेलं वेगळं आणि गल्लीसमोर घेऊन उभं राहणं वेगळं. क्लासच्या पोरी आता थांबायच्या नाहीत. एकीनं जाता जाता मैत्रिणीला विचारलं, "हे तेच हाय का?" आणि दोघी हसल्या. कुसुमताईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "शिवकन्या, तुम्हाला फसवलं हो. हे गावठीच निघालं. तुमचे ते डॉक्टर कसले म्हणायचे?"

त्या दिवसापासून शिवकन्येनं कापसाला मागच्या अंगणात बांधलं. तिथं तो दिवसभर दाराकडं तोंड करून बसायचा आणि तिची चाहूल लागली की तसल्या त्या केविलवाण्या शेपटीनं फरशी झाडायचा. तिला त्याची दया यायची आणि रागही यायचा. शिवांगी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा ही म्हणायची, "झोपलाय बघ आता," नाहीतर, "तुझे पप्पा घेऊन गेलेत फिरायला." पप्पा, म्हणजे दयानंद, तिथंच पेपर वाचत बसलेले असायचे. ते वर बघायचे आणि परत पेपरात डोकं घालायचे. त्या घरात त्यांची तीच रीत होती.

चैत्रात शिवकन्येच्या घरी हळदीकुंकू असायचं. अख्खी गल्ली येणार, मागच्या अंगणात हात धुवायला जाणार, आणि तिथं हे ध्यान बांधलेलं. तिला झोप लागेना. आणि मग तिला एक आठवलं, ज्यामुळं तिचं सगळं कोडं सुटल्यासारखं झालं. शिवांगी लहान होती तेव्हा तिचे केस असेच होते, भुरे, विरळ, मागं टाळू दिसायची. जावळ काढलं. मामाच्या मांडीवर बसवून चकाचक केलं. आणि नंतर आले ते असे, की दहावीपर्यंत तिच्या वेण्या वळताना शिवकन्येचे हात भरून यायचे. पोटच्या पोरीला जे लागू पडलं ते कुत्र्याच्या पिल्लाला का पडू नये? पहिली लव काढल्याशिवाय दाट केस येणार कुठून? पोरींना चार बुकं वाचून काय कळतंय. शिवाय आपल्यात जावळ काढलेल्या लेकराला कोणी हसत नाही.

तिनं रेणापूरहून भावाला बोलावलं. ग्यानोबा शेती करायचा, पाच म्हशी होत्या त्याच्याकडं, आणि म्हशी भादरायची बॅटरीवरची मशीन त्यानं नुकतीच घेतली होती. तो मशीन पिशवीत घालून मोटारसायकलवर आला.

"आक्के, याचं भादरायचं?" पिल्लाकडं बघून तो म्हणाला. "मी म्हणलं मोठं जनावर असंल."

"भादरायचं न्हाई. जावळ काढायचं."

ग्यानोबा पोट धरून हसला, पण बहिणीनं सतरंजी अंथरली तसा मुकाट्यानं मांडी घालून बसला. शिवकन्येनं ताट केलं, निरांजन लावलं, कापसाला ओवाळलं, त्याच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं. गंमत म्हणून करतोय असं ती भावाला दाखवत होती, पण आतून तिला ते खरंच शुभ वाटत होतं. मग मशीन घर्रर्र करून सुरू झाली. कापूस एकदाच कळवळला आणि ग्यानोबाच्या काखेत तोंड खुपसून थरथरत राहिला. म्हशीची कातडी वेगळी आणि या जिवाची वेगळी. मशीन अगदी मुळापर्यंत गेली. पाठीवरची ती नवी राठ पट्टी, जी कायमच्या केसांची सुरुवात होती, तीच आधी गेली.

"येतंय बघ दिवाळीपर्यंत," अंगावरचे केस झटकत ग्यानोबा म्हणाला. "आमच्या म्हशीला असं काळंभोर येतं, आरसा हाय का काय वाटावं."

हळदीकुंकवाला शिवकन्येनं बायकांना सांगितलं, उन्हाळा आहे ना, म्हणून केस काढलेत. बायका म्हणाल्या, बरं केलं. तिचा तो दिवस निभावला.

एप्रिल गेला, मे आला. डोक्यावर थोडे केस आले, पायांवर आले, शेपटीवरही आले. पाठीवर आणि कमरेवर काही म्हणता काही येईना. गुलाबी कातडी हळूहळू काळपट पडली आणि पाटीसारखी दिसायला लागली. शिवकन्येनं खोबरेल लावलं. कोरफड लावली. कांद्याचा रस लावला, त्यानं पिल्लाला आग झाली आणि ते पाण्याच्या हौदामागं जाऊन बसलं. ऊन लागू नये म्हणून तिनं जुन्या परकराचा एक अंगरखा शिवला. लातूरच्या मे महिन्यात, जेव्हा माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फिरतात, तेव्हा ती लोकांना सांगत होती, की त्याला थंडी वाजते. गल्लीतली पोरं कापसाला सरकी म्हणायला लागली. ते ऐकून ती मोरीत जाऊन रडली, आणि हे रडणं पिल्लासाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

परीक्षा संपवून शिवांगी आली. अंगरखा काढून तिनं कापसाची पाठ बघितली आणि त्याला मांडीवर ओढून घेतलं.

"मम्मी, हे काय झालंय?"

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "झडले की. तूच म्हणली होतीस झडतात म्हणून. झडले ते आलेच न्हाईत."

शिवांगीनं विश्वास ठेवला. आईवर विश्वास ठेवायचा नाही असं तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती कापसाला जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली, शिवकन्येलाही बरोबर जावं लागलं. डॉक्टरांनी पाठीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मशीन लावली होती का याला? या जातीत कधी कधी मशीननंतर असं होतं."

"न्हाई सर," शिवांगी लगेच म्हणाली. "मी मम्मीला आधीच सांगितलं होतं. तिनं कातरीसुद्धा लावली न्हाई."

डॉक्टरांनी शिवकन्येकडं बघितलं. शिवकन्या भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडं बघत राहिली.

"मग रक्तातलंच काही असेल," डॉक्टर म्हणाले. "याची आई, भावंडं कशी आहेत, ती बघायला पाहिजेत. उपजत दोष असला तर तिथंही दिसेल."

घरी आल्याआल्या शिवांगीनं लुंबिनीला फोन लावला. दार बंद होतं तरी सगळं ऐकू येत होतं. तुला माहीत होतं का, तू मला आजारी पिल्लू दिलंस का, खरं सांग. पलीकडून ती पोरगी काहीतरी समजावत असणार, कारण मधेमधे शिवांगी गप्प व्हायची आणि मग आणखी मोठ्यानं बोलायची. शिवकन्या स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मळून झाल्यावरही ती मळतच राहिली.

रात्री जेवताना दयानंद हळूच म्हणाले, "सांगून टाक." ती म्हणाली, "सांगते की." आणि सांगितलं नाही. जसजसे दिवस गेले तसतसं ते सांगणं मोठं होत गेलं. आधी नुसतं मशीनचं सांगायचं होतं, आता मशीनचं, खोट्याचं, दवाखान्यातल्या गप्प बसण्याचं, सगळंच सांगावं लागणार होतं. कॉलेज सुरू झालं आणि महिन्याभरात फोनवर शिवांगी म्हणाली, "लुंबिनी रूम सोडून गेली, मम्मी. मुदखेडहून रोज ये-जा करते आता. माझ्याशी बोलत न्हाई. बरं झालं."

बरं झालं म्हणताना लेकीचा आवाज चिरकला. त्या रात्री शिवकन्या जेवली नाही. पण फोनही केला नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत लुंबिनीच्या आईचा फोन आला, शिवांगीच्या फोनवर. पिल्लाला घेऊन एकदा या, त्याची आई आणि भाऊ आमच्याकडंच आहेत, डॉक्टरांना काय बघायचं ते फोटो काढून घ्या, आणि तुमच्या आईंना पण आणा. शिवकन्येनं डोकं दुखतंय म्हणून बघितलं, फराळाचं करायचंय म्हणून बघितलं. "मम्मी, चल की," शिवांगी म्हणाली. "एकटीनं मला त्यांच्या घरी तोंड दाखवायचं कसं तरी वाटतं." दोघी टोपलीत कापसाला घेऊन एसटीनं नांदेडला आणि तिथून मुदखेडला गेल्या.

लुंबिनीचे वडील रेल्वेत होते, त्यांचं क्वार्टर स्टेशनजवळच होतं. ते ड्यूटीवर गेले होते. लुंबिनीची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. जाड काचांचा चष्मा, इस्त्रीची सुती साडी. दार उघडल्या उघडल्या दोन कुत्री धावत आली. एक कापसाची आई. दुसरा त्याचा भाऊ, त्याच दिवशी जन्मलेला. त्याच्या मानेभोवती पांढऱ्या केसांचा असा भरगच्च घेर होता, की चालताना तो हलायचा. शेपटी पाठीवर उलटून पडली होती. अंगाला ऊन लागलं की वरच्या केसांची टोकं चकाकायची. शिवकन्येनं त्याच्याकडं बघितलं आणि मग टोपलीतल्या काळ्या पाठीकडं. कापूस कसा दिसला असता, हे तिला कोणी सांगायची गरज राहिली नाही.

पाणी झालं. लुंबिनी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, शिवांगीकडं न बघता. आणि मग तिची आई समोर येऊन बसली, आणि शिवकन्येपुढं दोन्ही हात जोडले.

"ताई, माफ करा. आमच्याकडून दुखणाईत पिल्लू गेलं तुमच्याकडं. आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं. ज्यांना ज्यांना पिल्लं दिली त्या सगळ्यांना फोन करून विचारलं मी. सगळी चांगली आहेत. तुमच्याच वाट्याला हे कसं आलं, मला उमगून न्हाई राहिलं. आता याच्या आईला परत पिल्लं होऊ द्यायची न्हाईत असं ठरवलंय आम्ही. उगाच कुणाच्या घरी असं जायला नको."

शिवकन्येच्या आधी शिवांगीच बोलली. मोठ्या मनानं, जरा ताठ बसून, ती म्हणाली, "असू द्या काकू. तुम्ही काय मुद्दाम केलं न्हाई. आमच्या मनात काही न्हाई आता."

लेक त्यांना क्षमा करत होती. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांना, आपल्या आईच्या वतीनं. शिवकन्येला वाटलं, आता आपण इथून उठलो आणि गप्प राहिलो, तर पुढं जन्मभर या पोरीच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही.

"मशीन लावली होती मी," ती म्हणाली.

शिवांगी वळली. "काय?"

"चैत्रात. ग्यानोबा मामाला बोलावून. म्हशीची मशीन. जावळ काढलं म्हणजे दाट येतील असं वाटलं मला. तू सांगितलेलं ध्यानात होतं माझ्या. तरी लावली. आणि दवाखान्यात गप्प बसले." तिनं लुंबिनीच्या आईचे जोडलेले हात धरून खाली केले. "तुमचं काही चुकलं न्हाई. तुमच्या पोरीचं बी न्हाई."

बाहेर मालगाडी चालली होती. शिवांगीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. लुंबिनी चौकटीवरून सरळ झाली आणि म्हणाली, "काकू, मी चार वर्षं राहायची होती ती रूम सोडली." एवढंच म्हणाली. तिचा आवाज चढलासुद्धा नाही.

तिची आई शिवकन्येकडं वळली. मग तिनं विचारलं, "सांगून पण का लावली, ताई?"

"लाज वाटायची. गल्लीतले लोक हसायचे."

"लाज कशाची वाटली? केसांची, का आमची?"

प्रश्न शांतपणे विचारला होता, वर्गात पोराला विचारावा तसा. 'छे छे, असं काय म्हणता' हे उत्तर शिवकन्येच्या जिभेवर तयार होतं. आयुष्यभर तिनं ते दिलं होतं, आणि समोरच्यांनी ते ऐकून घेतलं होतं. आताही ऐकून घेतलं असतं. शिवांगी तिच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात अजून आशा होती, की आई निदान एवढं तरी नाही म्हणेल.

"दोन्हीची," शिवकन्या म्हणाली. "गल्लीत मी सांगितलं, नांदेडच्या डॉक्टरकडून आणलं म्हणून. तुमचं नाव घेतलं न्हाई."

शिवांगी उठली. तिनं टोपलीतून कापसाला उचललं आणि नेऊन लुंबिनीच्या हातात दिलं. "हा इथंच राहू दे," ती म्हणाली. लुंबिनीनं पिल्लू छातीशी धरलं, त्या काळ्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं मैत्रिणीचं मनगट. कापसाची आई उड्या मारून त्याचे पाय हुंगत होती.

"मम्मी, तू जा," शिवांगी म्हणाली. "मी थांबते."

"आधी आईला स्टँडवर सोडून ये," लुंबिनीची आई म्हणाली. "त्यांना इथलं काही माहीत न्हाई." तिनं शिवकन्येला पोचवायला गेटापर्यंत येऊन ते उघडून धरलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं शिवकन्येला वाटत राहिलं.

स्टँडपर्यंत दोघी चालत गेल्या, शिवांगी दोन पावलं पुढं. नांदेडची गाडी लागलेलीच होती. तिनं आईला खिडकीची जागा बघून दिली, कंडक्टरला पुढं लातूरची गाडी कुठं मिळेल ते विचारून घेतलं, पाण्याची बाटली आणून मांडीवर ठेवली. लेकीनं करायचं ते सगळं केलं. मग खाली उतरून खांबाशी उभी राहिली. शिवकन्या खिडकीतून म्हणाली, "पोचले की फोन करते." शिवांगीनं मान हलवली, पण ती हो होती का नाही, ते कळलं नाही.

गाडी हलली. शिवकन्येनं हात केला. शिवांगी गाडी वळेपर्यंत तिथंच उभी होती. तिनं हात केला नाही.